रंगरावांना मिळालेला माझा माफीनामा

तुम्ही खोटं बोललात. एकदा नाही, तीनदा बोललात, आणि दर वेळी मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत बोललात, म्हणजे एकूण नऊ वेळा. सोमवार, १९ सप्टेंबर २००५ रोजी दुपारी एका संपादकाने माझा नंबर फिरवला आणि तुमच्या त्या गोड आवाजाच्या बाईने त्याला सांगितलं, की हा क्रमांक अस्तित्वात नाही.

'बंद आहे' म्हणाली असती तर मी हा कागद काळा केला नसता. फोन बंदच होता. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे' म्हणाली असती तरी चाललं असतं. वयाची बावन्न वर्षं मी बऱ्याच गोष्टींच्या संपर्क क्षेत्राबाहेर काढली आहेत. पण अस्तित्वात नाही? बंद दुकान आणि नसलेलं दुकान यातला फरक पोरालाही कळतो. तुमच्याकडे एवढे इंजिनिअर, एवढे टायवाले, आणि एकालाही कळला नाही.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. घाबरतो म्हणून नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरला अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस मोबाइल कंपनीला घाबरत नाही. नाव लिहीत नाही, कारण माझ्या लेखणीतून तुमची फुकट जाहिरात होऊ नये. ज्याला नाव बघायचंच असेल त्याने वारज्याला आमच्या नवचैतन्य सोसायटीत यावं. बी विंग, दुसरा मजला, माझ्या समोरचं दार. रंगरावांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर काचेची फ्रेम आहे, तिच्यात आहे तुमचं नाव. सोनेरी अक्षरात.

आता मी कोण, ते सांगतो, कारण तुमच्याकडे तशी नोंद नाही. मी सुखदेव. शिक्षण दहावी. मराठी शिकलो ती कारखान्याच्या लायब्ररीत आणि रद्दीच्या दुकानात. बावीस वर्षं कथा लिहितो. गेल्या पावसाळ्यापर्यंत एकेचाळीस कथा पाठवल्या आणि एकेचाळीस 'साभार परत' आल्या. तो 'साभार' मला कधीच कळला नाही. आभार कसले मानता? न पाठवल्याबद्दल मानायचे होते.

बेचाळिसावी कथा परत आली नाही. ती मी साताऱ्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली होती आणि खाली पत्त्यासोबत पहिल्यांदाच मोबाइल नंबर टाकला होता. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, पाकीट आलं नाही. मी रोज पोस्टमनकडे बघून हसत होतो. तो घाबरायला लागला होता.

अंक आला तो कथेशिवाय. बाजीराव रोडवर स्टॉलपाशी उभ्याउभ्या मी तो तीनदा उलटसुलट चाळला. मग एसटीडी बूथवरून संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, तुम्ही होतात कुठे? कथा घेतली होती. शेवटचं अर्धं पान कापायचं होतं, तुमची परवानगी हवी होती. एकोणीस तारखेला तीनदा फोन लावला. बाई म्हणते असा नंबरच नाही. आम्हाला वाटलं, खोटा नंबर देणारा माणूस कथाही कुठून तरी उचललेली देत असेल. त्या पानांचा फॉर्म छपाईला जायचा होता. काय करणार?"

त्यांनी काय केलं ते मी अंकात बघितलं. माझ्या कथेच्या जागी वार्षिक राशिभविष्य छापलं होतं. माझी रास तूळ. लिहिलं होतं, की तूळ राशीच्या व्यक्तींना या वर्षी दीर्घकाळ रखडलेले यश मिळेल.

मी संपादकांना म्हटलं, मग तुम्ही कथा घेतली होती एवढं दोन ओळींत लिहून द्या. ते म्हणाले, न छापलेल्या कथेचा दाखला देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, एकाला दिला तर उद्या शंभर जण मागतील. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. तोवर तिचं शेवटचं अर्धं पान कापून टाका.

इथे माझं काय अडलं होतं ते नीट समजून घ्या. मी पैसे मागत नव्हतो. मोफत टॉकटाइम मागत नव्हतो. माझी कथा स्वीकारली गेली होती हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं, एक मी आणि दुसरे लिहून न देणारे संपादक. बायकोला सांगितलं, तर चंपा म्हणाली, "असेल." तिचा तो 'असेल' एकदा ऐका तुम्ही. सोसायटीत सांगितलं, तर खालच्या इंदुबाई म्हणाल्या, की त्यांच्या भाच्याचीही रणजीसाठी निवड झाली होती, पण टेलिग्राम पोहोचला नाही. आणि असं म्हणून त्या हसल्या. मला तुमच्याकडून एकच कागद हवा होता: त्या दिवशी या नंबरवर फोन आले होते, आमच्या चुकीने पोहोचले नाहीत, क्षमा असावी. खाली सही, वर माझं नाव. बावीस वर्षांच्या लेखनाचा तेवढा एक पुरावा.

आधी मी तुमच्या कस्टमर केअरला फोन केला. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं. चौदा मिनिटं सतार ऐकली. मग एक मुलगा हिंदीत आला. त्याने माझं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि म्हणाला, की सर, तपशील जुळत नाही. मी म्हटलं, माझी जन्मतारीख माझ्याशी जुळते, तुला काय अडचण आहे? त्याने फोन ठेवला. असं पाच वेळा झालं. पाच वेगवेगळ्या मुलांनी मला माझी जन्मतारीख चुकीची आहे असं सांगितलं. पाचव्यांदा मी शाळेचा दाखला काढून बघितला.

मग मी पत्रं सुरू केली, आणि पत्राच्या बाबतीत तुम्ही चुकीच्या माणसाशी गाठ घातलीत. आमच्याकडे स्टोअरमधून एक बोल्ट हलवायचा तरी पत्र लागतं. मी कारखान्याच्या पद्धतीने लिहिलं: विषय, संदर्भ, जावक क्रमांक, खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून सात नावं. सातवी प्रत माझ्या स्वतःच्या फाइलला. दर पत्रात ठळक अक्षरात मोबाइल नंबर, म्हणजे तुम्हाला शोधायला त्रास नको. पहिल्या पत्रात मी 'महोदय' लिहिलं. तिसऱ्यात 'महाशय'. सहाव्यात फक्त 'अहो'.

माझी मुलगी चैताली हिंजवडीला एका कॉल सेंटरमध्ये आहे. तिथून ती अमेरिकेतल्या लोकांची माफी मागते. कोणाचं वॉशिंग मशीन गळलं, माफी. कोणाला निळा टोस्टर हवा होता आणि काळा आला, माफी. मी तिला विचारलं, दिवसाकाठी किती होतात? ती म्हणाली, ऐंशीच्या खाली गेलं तर टीम लीड बोलतो. म्हणजे माझ्या घरातून रोज ऐंशी माफ्यांची निर्यात होते आणि आयात एकाचीही नाही. त्या काळ्या टोस्टरवाल्या माणसाचा मला इतका हेवा वाटला, की त्या दिवशी मला चहा गेला नाही.

चैतालीने माझं चौथं पत्र वाचलं आणि म्हणाली, "बाबा, इतकं अँग्री लिहिलं ना, की ते वाचतच नाहीत. नंबर बघतात, सिस्टिममध्ये टाकतात, आणि जे टेम्प्लेट येईल ते पाठवतात." मी म्हटलं, माझ्या पत्राला टेम्प्लेट पुरणार नाही. पोरगी बरोबर होती, ते मला जानेवारीत कळलं.

आता रंगराव. रंगरावांचा मंडईत लसणाचा गाळा आहे. माणूस वाईट नाही. आमच्या सोसायटीचे ते पहिल्यापासूनचे सेक्रेटरी. त्यांचं एकूण लेखन म्हणजे पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेला गावरान लसणाचा भाव, आणि तोही रोज बदलावा लागतो म्हणून. माझं तिसरं पत्र गेलं त्याच्या आठव्या दिवशी हे रंगराव मला जिन्यात आडवे आले. हातात मोबाइल. म्हणाले, "सुखदेवराव, काहीतरी इंग्रजीत आलंय. बघता का जरा?"

मी बघितलं. तुमचा मेसेज होता. प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सोबत शंभर मेसेज मोफत. मला तो त्यांना मराठीत करून सांगावा लागला. माझ्या तोंडाने, जिन्यात उभं राहून, मी रंगरावांची माफी मागितली.

मी विचारलं, तुमची काय गैरसोय झाली होती? ते म्हणाले, "काहीच नाही. फोन झकास चालतोय." मग तक्रार केली होती का? "मी कशाला करतोय? कंपनी चांगली आहे हो. आपणहून विचारते."

घरात येऊन मी दार जरा जोरात लावलं. चंपा म्हणाली, "दाराची काय चूक?" मी तिला सांगितलं, की तक्रार करतो मी आणि दिलगिरी मिळते समोरच्याला. ती म्हणाली, ते गोड बोलतात, म्हणून मिळत असेल.

मी चौथं, पाचवं, सहावं पत्र पाठवलं. सहावं खरोखर जळजळीत होतं. त्यात मी तुम्हाला विचारलं होतं, की माणूस अस्तित्वात नाही हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. नऊ दिवसांनी, एका रविवारी सकाळी, दोन टायवाली मुलं हातात फुलांचा गुच्छ घेऊन सोसायटीच्या गेटपाशी आली. मी तिथे पेपर वाचत बसलो होतो. मी उठून उभा राहिलो. शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यांनी मला विचारलं, "काका, श्री. रंगराव कुठे राहतात?"

मी त्यांना वर नेऊन दाखवलं. दुसरा मजला, माझ्या समोरचं दार.

गुच्छ ग्लॅडिओलसचा होता. तो पंधरा दिवस रंगरावांच्या दारात स्टुलावर टवटवीत राहिला. ग्लॅडिओलस एवढे दिवस टिकत नाही हे मला माहीत आहे. मंडईच्या माणसाला फुलांना पाणी कसं बदलायचं ते कळतं. मी रोज सकाळी कारखान्याला निघताना दार उघडलं, की पहिलं दर्शन त्या गुच्छाचं. एके दिवशी मी त्यातलं एक फूल मोडलं. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. संध्याकाळी बघतो तर रंगरावांनी ते मोडकं फूल सुतळीने बांधून सरळ केलं होतं.

सोसायटीत आता सल्ल्यांचा पाऊस पडायला लागला, आणि सगळे सल्ले एकाच दिशेने. इंदुबाई म्हणाल्या, की तुम्ही रंगरावांकडून पत्र लिहून घ्या, त्यांचा हात चांगला आहे. चेअरमन श्रीधर, बँकेतून निवृत्त झालेले, मला पार्किंगमध्ये थांबवून म्हणाले, की भाषा सौम्य हवी, रंगरावांचा नमुना बघा. मी म्हटलं, रंगरावांनी काही लिहिलेलंच नाही. ते म्हणाले, "तेच तर." पुण्यात 'तेच तर' म्हटलं की बोलणं संपतं. त्यापुढे माणूस काही सांगत नाही आणि ऐकतही नाही.

कारखान्यातही तेच. आमच्या गेटवर नियम असा, की मोबाइल आत न्यायचा नाही. सकाळी बंद करून गेटवरच्या मच्छिंद्रकडे द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, सुटताना बिल्ला देऊन फोन घ्यायचा. मच्छिंद्रला मी सगळं सांगितलं. त्याच्या मते चूक माझीच होती. फोन त्याच्या कप्प्यात दिवसभर मेल्यासारखा पडून असतो, मग बाई म्हणाली तर काय चुकलं तिचं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या नवव्या पत्रानंतर, सोसायटीच्या फलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, चार टाचण्या लावून एक पत्र लागलं. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं. मी डबा काखेत धरून ते वाचलं. 'प्रिय श्री. रंगराव, दि. १९ सप्टेंबर रोजी एका संपादकांनी आपल्या क्रमांकावर केलेले तीन फोन आमच्या तांत्रिक चुकीमुळे आपणांस मिळू शकले नाहीत. आपल्या साहित्यिक वाटचालीचे यामुळे जे नुकसान झाले, त्याबद्दल कंपनी मनःपूर्वक क्षमा मागते. आपल्यासारखे लेखक आमचे ग्राहक आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो.'

मी ते चार वेळा वाचलं. तारीख माझी. तीन फोन माझे. संपादक माझे. वाटचाल माझी. नाव रंगरावांचं.

त्या दिवशी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी कारखान्याला उशिरा गेलो. आधी कर्वे रोडवरच्या तुमच्या गॅलरीत गेलो. तुम्ही दुकानाला गॅलरी का म्हणता ते तिथे कळलं; तिथे नुसतं बघत बसायचं असतं. टोकन एकशे सात. काउंटरवर अपेक्षा नावाची मुलगी होती, नाव छातीवर लावलेलं. मी नंबर सांगितला. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे. म्हणाली, "सर, हा नंबर तुमचा नाही."

मी म्हटलं, दोन वर्षं मी वापरतोय. रिचार्जचं कुपन मी घासतो. ती म्हणाली, "वापरत असाल सर. पण सिस्टिममध्ये तुम्ही नाही आहात." आणि तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यावर रंगरावांचा फोटो होता, गंध लावलेला. खाली त्यांच्या नावाचे सहा नंबर. सहांतला चौथा माझा. नावापुढे एक सोनेरी तारा. मी विचारलं, हा तारा कसला? ती म्हणाली, "सर, सहा कनेक्शन घेतलेले मोठे कस्टमर आहेत ते. गोल्ड."

तेव्हा मला आठवलं. आठवलं आणि तिथल्याच स्टुलावर बसलो.

२००३ साली आम्ही खडकीच्या क्वार्टरमधून वारज्याला आलो, त्याच महिन्यात तुमच्या लोकांनी सोसायटीच्या गेटपाशी छत्री लावली होती. सिमकार्ड जागेवर. फोटो आणि पत्त्याचा पुरावा आणा. माझ्या रेशनकार्डावर खडकी. लाइटबिल अजून बिल्डरच्या नावावर. मी परत फिरत होतो, तर सेक्रेटरी रंगराव म्हणाले, "अहो, कशाला हेलपाटे घालताय? हे घ्या." त्यांच्या खिशात कायम त्यांचे फोटो आणि लाइटबिलाच्या झेरॉक्सची गड्डी असायची. सोसायटीच्या कामाला लागते म्हणून. त्या दिवशी त्या गड्डीवर आमच्या पाच घरांनी सिमकार्डं घेतली. आम्ही सगळ्यांनी त्यांचे आभार मानले. चंपाने तर त्यांना चहाही पाजला. शेजारधर्म म्हणजे काय, यावर मी त्या आठवड्यात एक कथाही लिहिली होती. साभार परत आली.

म्हणजे मी पत्रामागून पत्र लिहीत होतो, तुम्ही नंबर सिस्टिममध्ये टाकत होतात, आणि माझा राग जितका वाढत होता तितके रंगरावांचे लाड होत होते. खाली नऊ वेळा केलेली माझी सही तुमच्यापैकी एकाही माणसाने वाचली नाही. संपादक निदान वाचून परत पाठवायचे.

संध्याकाळी मी रंगरावांकडे गेलो. पत्र तोवर फलकावरून फ्रेममध्ये गेलं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. मला कुठला संपादक फोन करणार?"

"मग फलकावर का लावलंत?"

त्यांनी फ्रेमकडे बघितलं. "सुखदेवराव, तीस वर्षं मंडईत बसलो. लोक येतात, 'ए लसूणवाले' म्हणतात, दोन पाकळ्या फुकट उचलतात आणि जातात. आज श्रीधरसाहेब मला जिन्यात 'आपण' म्हणाले. चार दिवस राहू द्या की."

मी ओरडायचं ठरवून गेलो होतो. घरी येऊन चंपाला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, राहू द्या चार दिवस. मी विचारलं, आणि माझं काय? ती म्हणाली, "तुम्हाला बावीस वर्षांची सवय आहे."

चार दिवस नाही, वीस झाले. चेअरमननी सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला प्रमुख पाहुणे म्हणून रंगरावांना ठरवलं. आपल्याच सोसायटीत साहित्यिक असताना बाहेरचा नगरसेवक कशाला? दर वर्षी त्या दिवशी संविधानाची उद्देशिका मी वाचतो. या वर्षी चेअरमन म्हणाले, "ती पाहुण्यांना वाचू दे. तुम्ही असं करा, पाहुण्यांचा परिचय लिहा. तुमचं अक्षर बरं आहे."

माझं अक्षर बरं आहे. बेचाळीस कथांनंतर मला मिळालेला हा पहिला अभिप्राय.

मी परिचय लिहिला. सूड म्हणून लिहिला. सगळं खरं लिहिलं, पण माझं लिहिलं: शिक्षण दहावी, रद्दीच्या दुकानात घडलेलं वाचन, बावीस वर्षांची साधना, एकेचाळीस कथा साभार परत, तरी न खचणारा माणूस. मला वाटलं, चेअरमन हे वाचतील, रंगराव सगळ्यांसमोर लाल होतील, कोणीतरी म्हणेल की हा तर सुखदेवरावांचा परिचय दिसतो. चेअरमननी खणखणीत आवाजात वाचला. इंदुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एकेचाळिसाव्या कथेला टाळ्या पडल्या. कोणी काही म्हणालं नाही. माझं आयुष्य रंगरावांना अगदी मापात बसलं.

रंगराव उठले. पांढरा शर्ट, हातात माइक. उद्देशिका त्यांनी अडखळत वाचली, पण वाचली. मग पुढच्या रांगेतून इंदुबाई म्हणाल्या, की ती कथा काय होती ते तरी ऐकवा. रंगरावांनी माझ्याकडे बघितलं. मी जिलबीच्या टेबलाशी उभा होतो. ती कथा मी त्यांना जिन्यात सतरा वेळा सांगितली होती.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. कारखान्याच्या गेटवर एक पहारेकरी असतो. बत्तीस वर्षं तो बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाचा जेवणाचा डबा उघडून बघतो, कोणी काही चोरून नेतंय का म्हणून. कोणाला सोडत नाही, सख्ख्या मेहुण्यालाही नाही. निवृत्तीच्या दिवशी तो स्वतः बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या जागी आलेला नवा माणूस त्याला थांबवतो आणि म्हणतो, काका, डबा उघडा. रंगराव लसूण निवडल्यासारखे एकेक वाक्य सावकाश टाकत होते. पार्किंगमध्ये पोरंसुद्धा पुढे सरकून बसली. "त्यानं डबा उघडला," रंगराव म्हणाले. "डबा रिकामा होता." आणि ते खाली बसले.

टाळ्या थांबेनात. चंपा टाळ्या वाजवत होती. चैताली रुमाल शोधत होती. माझ्या कथेत यानंतर आणखी अर्धं पान आहे. त्यात मी रिकामा डबा म्हणजे कामगाराचं आयुष्य, झाकण म्हणजे व्यवस्था आणि पहारेकरी म्हणजे आपण सगळे, हे नीट समजावून सांगितलं आहे. तेच अर्धं पान, जे संपादकांना कापायचं होतं. रंगरावांनी ते कोणालाही फोन न करता कापलं.

मला त्या क्षणी कसलं वाईट वाटत होतं ते नेमकं सांगतो, कारण मी भिडेखातर लिहीत नाही. त्यांना टाळ्या मिळाल्या याचं वाटलंच. पण शेवट त्यांना सुचला आणि मला बावीस वर्षांत सुचला नाही, याने जीव जास्त जळला.

कार्यक्रम संपल्यावर ते जिलबीची बशी घेऊन माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "तुमचा शेवट जरा लांब होता, सुखदेवराव." त्यांनी खिशातून एक कागद काढला. तुमचा मालकी बदलाचा अर्ज होता. ते आदल्या दिवशी स्वतः कर्वे रोडला जाऊन घेऊन आले होते. त्यावर त्यांची सही होती, फोटो चिकटवलेला होता. म्हणाले, "नंबर तुमच्या नावावर करून घ्या. मग ते माफीचं पत्र तुम्हाला नव्यानं देतील. फ्रेम मी देतो."

म्हटलं ना, माणूस वाईट नाही. त्याने माझं आणखीच डोकं फिरलं. धड हेवाही करू देत नाही.

अठ्ठावीस तारखेला मी अर्ज दिला. लाइटबिल आता माझ्या नावाचं आहे. तीन फेब्रुवारीला तुमचा मेसेज आला: 'स्वागत आहे, सुखदेव. आपण दि. २८ जानेवारी २००६ पासून आमचे ग्राहक आहात.' मी लगेच गॅलरीत गेलो आणि अपेक्षाला म्हटलं, आता माझ्या नावाचं पत्र द्या. तिने बरंच काही दाबून बघितलं. बिचारीचा चेहरा पडला होता. म्हणाली, "सर, तुमच्या नावावर एकही तक्रार नाही. १९ सप्टेंबरला तुम्ही आमचे कस्टमरच नव्हता. ती तक्रार आधीच्या कस्टमरची होती, आणि ते समाधानी आहेत. तशी क्लोज झालीये."

म्हणून हे दहावं पत्र, आणि ते मी तुम्हाला पाठवण्याऐवजी छापायला देतो आहे, म्हणजे निदान कोणीतरी खालची सही वाचेल. जावक क्रमांक टाकलेला नाही. मला गुच्छ नको, मोफत मेसेज नको, तारा नको. रंगरावांनी दुसरी फ्रेम आणून दिली आहे, ती रिकामी ठेवून घेतली आहे. तुमच्या कागदावर २८ जानेवारीपासून मी आहे, हे मान्य. मग त्याआधी दोन वर्षं त्या नंबरवरून चंपाला 'निघालो' म्हणून कोण सांगत होतं? नऊ पत्रं कोणी लिहिली? आणि १९ सप्टेंबरच्या दुपारी साताऱ्याहून एका संपादकाने एका लेखकाला तीनदा फोन लावला, तेव्हा तो कोणाला लावत होता? त्या माणसाचं नाव मला लेखी कळवा. टेम्प्लेट चालणार नाही. हाताने लिहा, एकच शब्द लिहा, पण उत्तर द्या.